काजू युनिटचं छप्पर, ३१ मे आणि एक्सेलमधलं सिम्युलेशन

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईची नोकरी सोडून एक जण गावी परतलाय आणि वेंगुर्ल्याजवळ वडिलांच्या जागेत काजू प्रक्रियेचं छोटं युनिट उभारतोय. ठेकेदार म्हणतो, १ फेब्रुवारीला काम सुरू केलं तर १५ मेला पत्रे चढतील, म्हणजे पावसाआधी पंधरा-सोळा दिवस हातात. एक्सेलमध्ये कामांचा बार चार्ट तयार आहे. मित्राने सांगितलं की जोखीम-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर घे आणि सिम्युलेशन कर, म्हणजे तेच काम संगणकावर वेगवेगळ्या नशिबाने हजारदा करून बघ. तर असं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का, की एक्सेलमध्येच भागेल, आणि या सगळ्यातून नेमकं काय कळणार?

एक्सेलमध्ये भागेल. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्येही भागेल, तेही फुकट. पण आधी एक गोष्ट सांगतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वीस वर्षं कामांचं नियोजन करून माझं मत या एकाच गोष्टीवर पक्कं झालंय. देशावर काम आठ दिवस लांबलं तर आठ दिवस लांबतं. कोकणात मेच्या शेवटी आठ दिवस लांबलं तर चार महिने लांबतं. पाऊस सुरू झाला की चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, खाणीत पाणी भरतं, वाळू मिळत नाही, विजापूरकडची माणसं गावी जातात. मग गणपती, मग नवरात्र, आणि काम पुन्हा उभं राहतं ते ऑक्टोबरात. तुमच्या बार चार्टमध्ये ही दरड, म्हणजे ३१ मे चुकला की एकदम चार महिने खाली कोसळणं, कुठेच दिसत नाही. सिम्युलेशन करायचं ते या दरडीसाठी.

ठेकेदाराच्या १५ मेपासून सुरू करू. त्याने प्रत्येक कामाला 'साधारण किती दिवस' सांगितले आणि तुम्ही बेरीज केली. तुमचे आकडे असे: चर खोदाई आणि सपाटीकरण १८, पाया आणि जोतं २५, चिऱ्याच्या भिंती ३५, लिंटल आणि वरचा बीम १०, कैच्या (छपराचे लोखंडी सांगाडे) उभारून पत्रे १६. एकूण १०४. फेब्रुवारी २८ दिवसांचा धरला तर १०४ वा दिवस बरोबर १५ मे. बेरीज चुकलेली नाही. पण 'साधारण' हा आकडा प्रत्येक कामात सगळ्यात जास्त वेळा अनुभवाला येणारा असतो, मधला नसतो. खोदाई १८ ऐवजी १२ दिवसांत होऊ शकते, पण खाली अखंड कातळ लागला तर ३५ दिवस जातात. वाचायला जागा सहा दिवसांची, घसरायला सतरा दिवसांची. जवळजवळ प्रत्येक कामाची हीच तऱ्हा. म्हणून साधारण आकड्यांची बेरीज ही साधारण तारीख नसतेच.

आता प्रत्येक कामाला तीन आकडे द्या: कमीत कमी, बहुधा, जास्तीत जास्त. मी तुमच्या आकड्यांभोवती माझ्या अनुभवाने असे धरले:

खोदाई: १२, १८, ३५
पाया आणि जोतं: २०, २५, ४०
चिऱ्याच्या भिंती: २५, ३५, ६०
लिंटल आणि बीम: ८, १०, १८
कैच्या उभारणी आणि पत्रे: १२, १६, ३०

हे तीन आकडे मिळवणं हाच या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे, आणि तिथे कोणतंही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही. गवंड्याला "जास्तीत जास्त किती दिवस?" असं विचारलं तर तो 'बहुधा'मध्ये चार दिवस घालून सांगतो आणि वर म्हणतो, "होतला वो, काळजी करू नका." त्याच्या मनात खोट नसते. वाईट दिवसाची कल्पना करायला सांगितली की माणूस आशेकडेच झुकतो. म्हणून कल्पना विचारू नका, आठवण विचारा. "मागच्या तीन कामांत जोत्याला किती दिवस गेले? सगळ्यात जास्त कुठे गेले? तिथे काय झालं होतं?" मग सिमेंटची गाडी घाटात अडकली, मुकादम आजारी पडला, वाळूचा परवाना आला नाही, अशी खरी कारणं बाहेर येतात. आणि जास्तीत जास्तचा आकडा आधी विचारा, बहुधाचा शेवटी. बहुधा आधी विचारला की बाकीचे दोन्ही त्याच्या खुंटीला बांधले जातात.

आता शीट. प्रत्येक ओळ म्हणजे कामाची एक काल्पनिक फेरी, अशा हजार ओळी करा. प्रत्येक कामाला दोन रकाने द्या. पहिल्यात रँड फंक्शन, जे शून्य ते एकमधला कुठलाही आकडा देतं. त्याला य म्हणू. दुसऱ्यात त्या य वरून दिवस काढा. कमीत कमी क, बहुधा ब, जास्तीत जास्त ज. य हा (ब−क) भागिले (ज−क) पेक्षा लहान असेल तर दिवस = क + √(य × (ज−क) × (ब−क)). मोठा असेल तर दिवस = ज − √((१−य) × (ज−क) × (ज−ब)). हे त्रिकोणी वितरण: बहुधाच्या जवळचे दिवस जास्त वेळा पडतात, दोन्ही टोकांकडे कमी कमी होत जातात. दोन वाटांमधली निवड इफ फंक्शनने होते. शीट बरोबर बसलं का ते तपासायला रँडच्या जागी हाताने आकडे घाला: खोदाईला य ०.१ दिला तर १५.७ दिवस यायला हवेत, ०.९ दिला तर २८.७ च्या आसपास.

इथे एक चूक मी नवशिक्यांच्या जवळजवळ प्रत्येक शीटमध्ये पाहतो. य साठी वेगळा रकाना न ठेवता ते सूत्रातच तीन ठिकाणी रँड लिहितात. तिन्ही ठिकाणी वेगवेगळे आकडे पडतात. अट एका आकड्यावर तपासली जाते आणि हिशोब दुसऱ्यावर होतो. उत्तर दिसायला ठीक दिसतं आणि चुकीचं असतं. दुसरी चूक म्हणजे दोन कामांना एकच य जोडणं. मग खोदाई लांबली की पत्रेही नेमके तेवढेच लांबतात.

प्रत्येक ओळीत पाच कामांचे दिवस बेरजेने जोडा. हजार बेरजा तयार झाल्या. काऊंटइफने मोजा, त्यातल्या किती १२० दिवसांच्या आत आहेत. १ फेब्रुवारी ते ३१ मे म्हणजे १२० दिवस. तुमच्या आकड्यांवर उत्तर ४७ टक्क्यांच्या आसपास येतं. ठेकेदाराचे १०४ दिवस गाठणाऱ्या फेऱ्या शंभरात जेमतेम पाच. सोळा दिवसांची सवड म्हणून जी दिसत होती, ती नाणेफेकीपेक्षाही कमी निघाली. सरासरी येते १२१ दिवस, आणि पर्सेंटाइल फंक्शनला ०.८ दिलं तर १३० दिवस. म्हणजे दहातल्या आठ फेऱ्या जिथे पूर्ण होतात तो दिवस १० जून.

फेऱ्या किती करायच्या, असा प्रश्न येईल. हजार फेऱ्यांत ४७ चा आकडा प्रत्येक वेळी तीन-एक टक्के इकडे-तिकडे हलतो. एफ-नाइन दाबून पाहा, दिसेल. दहा हजार केल्या तर हलणं टक्काभरावर येतं. निर्णयासाठी हजार पुरतात. ४७ आणि ५० मधला फरक पाहून तुम्ही काही वेगळं करणार नाही, ४७ आणि ९० मधला पाहून कराल. एक्सेलमध्ये 'डेटा टेबल' नावाची सोय आहे आणि कॅल्कमध्ये 'मल्टिपल ऑपरेशन्स'. त्यांनी एकच हिशोब हजार वेळा चालवता येतो. पण ओळीला एक फेरी ही पद्धत मला जास्त आवडते. ठेकेदाराला समोर बसवून एखादी ओळ दाखवता येते: "ही फेरी बघा, खोदाईला ३१ दिवस गेले, भिंतींना ५२, आणि छप्पर आलं १८ जूनला." माणसाला टक्के पटत नाहीत, गोष्ट पटते. एवढंच लक्षात ठेवा की शीटमध्ये काहीही बदललं की रँड सगळे आकडे नव्याने टाकतं, म्हणून दाखवायची प्रत 'पेस्ट व्हॅल्यूज' करून गोठवून ठेवा.

आता दरड घाला. एक रकाना वाढवा: बेरीज १२० पेक्षा जास्त असेल तर तिच्यात १२२ दिवस मिळवा, नसेल तर तशीच ठेवा. १ जून ते ३० सप्टेंबर हे १२२ दिवस. आता आलेख काढा. त्याला दोन उंचवटे दिसतील, एक मेमध्ये आणि दुसरा ऑक्टोबरात. मध्ये सपाट मोकळं रान. या रकान्याची सरासरी काढलीत तर ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पडते. त्या आठवड्यात छप्पर चढलेली एकही फेरी तुमच्या हजार ओळींत नाही. म्हणून कोणी 'अपेक्षित पूर्णता तारीख' असा एकच आकडा समोर ठेवला तर तो कोकणातल्या कामाला निरुपयोगी आहे, मग तो कितीही महागड्या सॉफ्टवेअरमधून आलेला असो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी देवगड तालुक्यात आंब्याच्या पल्पच्या एका शेडचं नियोजन माझ्याकडे होतं. मी मालकाला सरासरी तारीख दिली, मेचा शेवटचा आठवडा. दोन्ही बाजूंना थोडं इकडे-तिकडे होईल असं सांगितलं. काम नऊ दिवस मागे पडलं आणि पाऊस आला. चिऱ्याच्या उघड्या भिंती चार महिने भिजल्या, वरचे थर उतरवून पुन्हा रचावे लागले, आणि आलेली यंत्रं दुसऱ्याच्या पडवीत ताडपत्रीखाली राहिली. पल्पिंगच्या टाकीच्या मोटरीला गंज चढला. तो मालक मला एक शब्द बोलला नाही. मी त्याला नऊ दिवसांची जोखीम सांगितली होती, चार महिन्यांची सांगायला हवी होती. तेव्हापासून मी तारीख सांगत नाही, ३१ मेच्या आत होण्याचे टक्के सांगतो.

तुमच्या बार चार्टमध्ये आणखी एक गोष्ट लपली आहे. लोखंडी कैच्या कुडाळच्या एमआयडीसीत बनणार, आणि फॅब्रिकेटर जोत्याची प्रत्यक्ष मापं घेतल्यावरच काम सुरू करणार. त्याचे दिवस तुम्ही ४० लिहिलेत; मी ३०, ४०, ७५ धरतो, कारण लोखंडाचा भाव वाढला की छोट्या ऑर्डरी मागे सरकतात. हे काम भिंती आणि बीमच्या बरोबरीने चालतं, म्हणून बार चार्टमध्ये ते निरुपद्रवी दिसतं: इकडे ४५, तिकडे ४०, पाच दिवस मोकळे. पण उभारणी तेव्हाच सुरू होणार जेव्हा दोन्ही तयार असेल. शीटमध्ये या जागी बेरीज न घेता मॅक्स फंक्शन लावा. भिंती-बीमची सरासरी ५२ दिवस, कैच्यांची ४८, आणि दोन्ही संपायची सरासरी ५५. दोन वाटा जिथे मिळतात तिथे उशिरा येणारी वाटच जिंकते, त्यामुळे दोन्ही वाटा ठीकठाक असूनही तीन-साडेतीन दिवस जातात. आता १२० च्या आत होण्याचे टक्के ४७ वरून ३४ वर येतात.

नेमकी हीच गोष्ट वेळापत्रक आखायच्या जुन्या पर्ट पद्धतीत निसटते. पर्ट १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी आली. तीन आकडे घ्यायची सवय तिनेच लावली, आणि सरासरीचं सूत्र दिलं: क अधिक चार पट ब अधिक ज, भागिले सहा. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात आजही तेच शिकवतात. तुमच्या पाच कामांना ते लावलं तर ११३ दिवस येतात, त्रिकोणी वितरणाने १२१. पर्ट टोकांना कमी वजन देतं, आणि एकच सगळ्यात लांब वाट धरून चालतं. ज्यांच्याकडे शंभर जुन्या कामांची नोंद आहे आणि जास्तीत जास्तचा आकडा खरंच जास्तीत जास्त आहे, त्यांनी पर्टचं वितरण वापरावं. आपल्याकडे तो आकडा गवंड्याच्या आठवणीवर उभा असतो आणि खरा वाईट दिवस त्याच्याही पलीकडे असतो. म्हणून मी त्रिकोणीच धरतो.

सिम्युलेशनची मूळ कल्पना याहून जुनी आहे. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हा गणिती आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसला होता. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून किती सुटले ते मोजावं, असं त्याला सुचलं. जॉन फॉन नॉयमनने ती कल्पना लॉस अलामॉसच्या अणु-प्रयोगशाळेच्या कामासाठी संगणकावर नेली, निकोलस मेट्रोपोलिसने तिला मॉन्टे कार्लो नाव दिलं, आणि १९४९ मध्ये मेट्रोपोलिस-उलाम यांचा निबंध आला. तुमच्या हजार ओळी म्हणजे मांडलेले हजार डावच आहेत.

आता या पद्धतीत जिथे हुशार माणसंही फसतात ते सांगतो. आपण धरलं की प्रत्येक काम आपापल्या नशिबाने लांबतं किंवा लवकर संपतं. खोदाई लांबली पण भिंती लवकर झाल्या, असं एकमेकांना सांभाळून घेतलं जातं, आणि बेरजेचा पसारा आटोपशीर दिसतो. प्रत्यक्षात तीच टोळी खोदाईला, तीच जोत्याला आणि तीच भिंतींना. टोळीत माणसं कमी पडली की सगळीच कामं रखडतात. तुमच्या पाच कामांचा पसारा, ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, स्वतंत्र धरला तर पावणेअकरा दिवस येतो. सगळी कामं पूर्ण हातात हात घालून चालतात असं धरलं तर साडेबावीस. खरं कुठेतरी मध्ये. दुसऱ्या टोकाला गेलात तर ८० टक्क्यांची तारीख १३० वरून १४२ दिवसांवर जाते.

याला सोपा उपाय आहे. प्रत्येक ओळीत एक 'टोळीचा गुणक' ठेवा, तोही तीन आकड्यांचा: ०.९, १, १.३. त्या ओळीतल्या ज्या ज्या कामाला तीच माणसं लागतात, त्या सगळ्यांचे दिवस याने गुणा. मात्र मग गवंड्याला विचारताना "टोळी पुरी असेल तर" असं म्हणून विचारा, नाहीतर माणसांची टंचाई दोनदा मोजली जाईल. कैच्यांना हा गुणक लावू नका, तिथली माणसं वेगळी.

शिमगा मात्र जोखमीत घालू नका. शिमगा येणारच आहे. पालखी घरी येते तेव्हा गावातला गवंडी कामावर येत नाही, आणि येऊही नये. पंचांग बघून ते दिवस सुट्टीच्या यादीत टाका. एक्सेलच्या वर्कडे फंक्शनला अशी यादी देता येते. जे ठरलेलं आहे ते कॅलेंडरात, जे ठरलेलं नाही ते रँडमध्ये. माझ्याकडे येणाऱ्या शीटमध्ये या दोन्हींची सरमिसळ फार असते: सण टक्केवारीत लिहिलेले आणि वाळूचा परवाना ठरलेल्या तारखेत.

परवाना, वादळ यांसारख्या गोष्टी 'झालं तर' या प्रकारच्या. त्यांच्यासाठी वेगळा रकाना: रँड इतक्या टक्क्यांपेक्षा लहान पडला तर इतके दिवस मिळव, नाहीतर शून्य. टक्के कुठून आणायचे? आपल्याच किनाऱ्याच्या आठवणीतून. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. तौक्ते मे २०२१ च्या मध्यावर आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं आणि गुजरातेत चढलं, पण जाता जाता सिंधुदुर्गात झाडं, विजेचे खांब आणि पत्रे उडवून गेलं. दोन्ही वादळं पावसाळ्याच्या तोंडावर आली, म्हणजे तुमचे पत्रे चढायच्या आठवड्यांतच. अर्धवट बसवलेले, हुक न आवळलेले पत्रे ही त्या दिवसांतली सगळ्यात धोक्याची अवस्था असते.

आणि ३१ मे तरी कुठे पक्का आहे? २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षी मुंबईत मोसमी पाऊस २५ जूनला पोचला. २०२५ मध्ये तो २५ मेलाच देवगडपर्यंत आला आणि २६ मेला मुंबईत. तब्बल महिन्याचा फरक. म्हणून शीट जमल्यावर दुसऱ्या टप्प्यात पावसाची तारीखही एक रकाना करा, तिलाही तीन आकडे द्या, आणि बेरजेची तुलना त्या ओळीतल्या पावसाशी करा. सुरुवातीला मी ३१ मेच धरायला सांगतो, कारण वळवाचे दोन-तीन दिवसही भिंतींवरची माणसं खाली उतरवतात.

एवढं झाल्यावर शीटला खरा प्रश्न विचारता येतो: काय बदललं तर टक्के वाढतील? प्रत्येक कामाच्या रकान्याचा एकूण दिवसांशी कोरेल फंक्शनने संबंध काढा; आकडा एकच्या जितका जवळ तितका संबंध घट्ट, शून्याजवळ असेल तर नाहीच. साध्या पाच कामांच्या मांडणीत भिंतींचा येतो ०.६८, खोदाईचा ०.४५, लिंटलचा जेमतेम ०.२. म्हणजे लिंटलसाठी ठेकेदाराशी भांडण्यात अर्थ नाही, जीव भिंतींत अडकला आहे. भिंती ६० दिवसांपर्यंत का जातात? गवंड्याने कारण सांगितलंच असेल: खाणीतून चिरा वेळेवर येत नाही. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच चिरा हवा असतो. मग चिरा डिसेंबर-जानेवारीतच घेऊन जागेवर रचून ठेवा. तो उघड्यावर राहिल्याने बिघडत नाही. जांभा खाणीतून काढल्यावर हवेत राहून अधिक कडक होतो. याने जास्तीत जास्तचा आकडा ६० वरून ४५ वर आला असं धरू. दुसरं, फॅब्रिकेटरला जोत्याची वाट पाहायला लावू नका. आराखड्यावरून कैच्या बनवायला सांगा आणि बसवताना फरक निघेल तो पट्ट्या-बोल्टच्या लांबट भोकांत घ्या. मग कैच्या पाया सुरू असतानाच बनत राहतील आणि वाटेतून बाजूला होतील. हे दोन बदल शीटमध्ये घातले की ३४ टक्क्यांचे ६७ होतात. आणि काम १ फेब्रुवारीऐवजी २२ जानेवारीला सुरू केलं तर ९३.

टोळीचा गुणक घातला की हे तिन्ही आकडे खाली येतात, पण त्यांचा क्रम बदलत नाही. ३४, ६७, ९३ यांच्यातल्या अंतरावर विश्वास ठेवा, एकेका आकड्यावर फारसा ठेवू नका. या तीन बदलांना लागणारा पैसा म्हणजे दोन-तीन महिने आधी चिऱ्यात गुंतलेली रक्कम आणि कैच्यांची आगाऊ उचल. त्यासमोर चार महिन्यांचं बँकेचं व्याज ठेवा.

आणि काजूही ठेवा, कारण तुमच्या बाबतीत खरी गोष्ट तिथे आहे. काजू बी फेब्रुवारी ते मे या काळात पडते. वर्षभर युनिट चालवायचं तर कच्ची बी याच दिवसांत घेऊन, उन्हात वाळवून, कोरड्या जागेत भरून ठेवावी लागते. छप्पर होणार या भरवशावर तुम्ही एप्रिलमध्ये बी घेणार. छप्पर नाही झालं तर ती पावसात ठेवणार कुठे? म्हणून शीटमध्ये दिवसांच्या शेजारी पैशाचा रकाना घाला: १२० च्या आत असेल तर शून्य, बाहेर असेल तर गोदामाचं भाडं, दोनदा वाहतूक, चार महिन्यांचं व्याज, आणि भिजून जाणाऱ्या बीचा तुमचा अंदाज. त्याची हजार ओळींतली सरासरी तुम्हाला सांगेल की गोदाम आधीच बोलून ठेवण्यावर किती खर्च करणं परवडतं. पैशाच्या बाबतीत सरासरीला अर्थ आहे, तारखेच्या बाबतीत नाही. हा फरक नीट समजून घ्या.

राहिला विकतच्या सॉफ्टवेअरचा प्रश्न. ॲट रिस्क आणि ऑरॅकलचं क्रिस्टल बॉल ही दोन नावं तुमच्या मित्राने घेतली असतील. दोन्ही एक्सेलच्या आतच बसतात. त्यांत अनेक प्रकारची वितरणं तयार मिळतात, कामांमधले परस्परसंबंध सरळ तक्त्यात लिहिता येतात, आलेख आपोआप निघतात, आणि बीज, म्हणजे रँडची सुरुवात करणारा आकडा, ठरवून दिलं की प्रत्येक वेळी तेच आकडे पुन्हा काढता येतात. एक्सेलच्या साध्या रँडमध्ये ती सोय नाही. जेटी, पूल, मोठी पाणीयोजना अशा कामांत, जिथे शेकडो कामं आहेत आणि कर्ज देणारी संस्था अहवाल मागते, तिथे ती घ्यावीत. मी स्वतः अशा कामांत वापरली आहेत आणि ती चांगली आहेत. सहा-सात कामांच्या शेडला त्यांचा परवाना घेण्यापेक्षा तोच पैसा चिऱ्यात घाला. शिवाय पहिल्यांदा हे सगळं हाताने केलंत तर आकडा कुठून आला ते तुम्हाला कळेल. तयार सॉफ्टवेअर वापरणाऱ्या किती जणांना मी विचारलंय की कामं एकमेकांपासून स्वतंत्र का धरलीत, आणि त्यांना ते आपण धरलंय हेच माहीत नव्हतं.

शीट एकदा करून ठेवून देऊ नका. खोदाई संपली की तिचे तीन आकडे काढून प्रत्यक्ष लागलेले दिवस घाला, सगळ्या हजार ओळींत तोच आकडा. जोतं झालं की तसंच. पसारा प्रत्येक वेळी आकुंचन पावेल आणि टक्के एका बाजूला झुकायला लागतील. ३१ मार्चला एकदा बघा, मग एप्रिलमध्ये दर रविवारी. ठेकेदारालाही बरोबर बसवा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो स्वतःच सांगायला लागतो की या आकड्यात काय चुकलंय. १५ एप्रिलला ३१ मेच्या आतले टक्के ७० च्या खाली असतील तर त्याच आठवड्यात दोन गोष्टी करा: बीची खरेदी निम्म्यावर आणा, आणि वेंगुर्ल्यात किंवा सावंतवाडीत कोरडं गोदाम बयाणा देऊन धरा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी ते शोधत फिरलो आहे, आणि रिकामं एकही मिळालं नव्हतं.